गार्डसाहेबांना मधली सीट पाहिजे

आमच्या शेजारच्या बायनाक्का मेलबर्नला लेकीकडं चालल्यात. नुसत्या चालल्या असत्या तर मी तोंडभरून कौतुक केलं असतं. पण त्या बिझनेस क्लासनं चालल्यात. म्हणजे खुर्ची सरळ आडवी होते, वर गादी टाकतात, अंगावर पांघरूण देतात. हे सगळं त्यांनी मला मेथी निवडता निवडता सांगितलं, जसं काही परभणीला दवाखान्यात जाऊन येते म्हणावं. तेव्हापासून माझं पोट दुखतंय. ओवा खाऊन बघितला, फरक नाही.

जावयाचे विमान कंपनीकडं पॉइंट साठले होते आणि अक्कांचे मालक बन्सीधरदाजी यांचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून हा थाट. आमच्या योगीरावांचे गुडघे मेले ठणठणीत आहेत.

दाजी रेल्वेत गार्ड होते. आमच्या पूर्णा गावात अजून सगळे त्यांना गार्डसाहेबच म्हणतात. गार्ड म्हणजे गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात एकटा बसणारा माणूस. हातात झेंडी, तोंडात शिट्टी आणि समोर मागं मागं पळणारे रूळ. त्या डब्यात बायकोला बसवायची सोय नसते. त्यामुळं गाडी दाजींची असली तरी बायनाक्का आमच्यासोबत बायकांच्या डब्यात. सुट्टीच्या दिवशी लग्नाला निघाले तरी तेच. जीपमध्ये दाजी ड्रायव्हरशेजारी, अक्का मागं बायकांच्या घोळक्यात. आमच्याकडं रीतच तशी. नवरा-बायको शेजारी शेजारी बसलेले दिसणार ते सत्यनारायणाच्या पाटावर, तेही गुरुजी समोर असतात म्हणून.

खरं सांगायचं तर बायनाक्कांचं त्यात काही बिघडलं नाही. डब्यात त्या राणी होत्या. सासूची नक्कल, स्टेशनमास्तरच्या चालण्याची नक्कल, कुणाच्या सुनेनं भाकरी कशी जाळली ते हातवाऱ्यांसकट. आमच्या हसण्यानं फलाटावरचा हमाल वळून बघायचा. गाडी जास्त वेळ थांबणार असली की दाजी झेंडी काखेत मारून आमच्या खिडकीपर्यंत चालत यायचे.

"सगळं ठीक हाय ना?"

"ठीक हाय. जा आता, गाडी निघंल."

"माझ्याबिगर कशी निघंल?"

"म्हणून काय इथंच उभं ऱ्हाता का?" अक्का म्हणाल्या की आम्ही सगळ्याजणी पुन्हा खिदळायचो. दाजी मान खाली घालून परत शेवटच्या डब्याकडं जायचे.

तर परवा दुपारी अर्पितानं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, फोनवर सीटांचं चित्र पाठवलं. मी अर्थातच तिथं होते, मेथी निवडायला. चित्राखाली तिचा आवाज आला, "आई, खिडकीपाशी एकएकच सीट आहे. ती घेतली तर तुम्ही दोघं एकामागं एक बसाल. मधे दोन-दोन आहेत. त्यातही एका ओळीत दोघांच्या मधे टेबल येतं, दुसऱ्या ओळीत एकदम चिटकून. आज संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर दुसरं कुणी घेईल."

"मधली," दाजी म्हणाले. "चिटकून."

एवढ्या झटक्यात म्हणाले की त्यांचे कान लाल झाले. मग सारवासारव केली, "म्हणजे, टेबल उगं गुडघ्याला लागंल."

"मला खिडकी पाहिजे," बायनाक्का म्हणाल्या.

माझा जीव थंडावला. आपल्याला विमान नाही तर नाही, निदान या दोघांनी तरी आभाळात चिटकून बसू नये. मी लगेच म्हणाले, "अक्का, खिडकीच घ्या. एकटीनं ऐसपैस. दाजींना द्या मागची. त्यांना मागं बसायची सवयच हाय."

दाजींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं विनातिकीट धरलंय. मग अक्कांना म्हणाले, "खिडकीतून काय दिसणार? ढग."

"तुमी तर जन्मभर रूळच बघितले. मी ढग बघितले तर काय झालं?"

"एकट्यानं बघितले गं. म्हणूनच म्हणायलोय."

अक्कांनी मेथीची काडी दोनदा मोडली.

"तुमी शेजारी बसलात की सूचना सुरू," त्या म्हणाल्या. "हात आत घे. पिशवी पायात धर. पाणी बेतानं पी. तिकडं उतरंपर्यंत तुमची शिट्टी बंद व्हायची न्हाई."

"न्हाई देत सूचना."

"तुमच्यानं ऱ्हावतंय का?"

मला हीच फट पाहिजे होती. म्हणाले, "मग परीक्षाच घ्या की. दाजी नापास, तर खिडकी."

अंगणात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या चिटकून मांडल्या. मी विमानातली बाई झाले. पदर खोचला, ताटात चहा घेऊन आले आणि म्हणाले, "पट्टे बांधा, विमान हिंगोली गेटावरून उडायलंय." दाजी हात मांडीवर ठेवून फोटो काढायला बसल्यासारखे बसले. अक्कांचा पदर खुर्चीच्या पायाखाली अडकला. दाजींचं तोंड उघडलं आणि मिटलं. मी मुद्दाम अक्कांची बशी काठोकाठ भरली. दाजींनी बशीकडं बघितलं, मिशी दातात धरली, पण शब्द नाही. चहा लुगड्यावर सांडला, तरी नाही! शेवटी मीच म्हणाले, "दाजी, सांडायलंय, काही बोला की!"

"मी प्रवासी हाय," दाजी म्हणाले. "बोलायचं काम तुमचं."

बायनाक्का हसल्या. मग त्यांनीच विचारलं, "एकदा पिंगळी स्टेशनात गाडी थांबली, तवा आमी एवढ्या कशाला हसत होतो, ठाव हाय का तुमाला?"

"न्हाई. गाडी थांबली की मागं नुसता आवाज यायचा. शब्द यायचे न्हाईत." दाजी समोर बघत म्हणाले. "लय वाटायचं, काय बोलत असतील. रुख्मिणीबाईंना समदं ठाव, मला काहीच न्हाई."

अगं बाई! म्हणजे हा माणूस इतकी वर्षं माझ्यावर जळत होता आणि मला पत्ताच नाही!

"अहो, त्या दिवशी ना..." अक्का त्यांच्याकडं वळल्या आणि आवाज बारीक केला. पिंगळीचा किस्सा माझाच होता, माझ्याच नणंदेच्या लेकराच्या बारशाचा. म्हणून मी ताट घेऊन जरा पुढं सरकले. तर अक्का म्हणतात, "रुख्मिणी, विमानातल्या बाया अशा कान देऊन उभ्या ऱ्हात न्हाईत. जा, तिकडं कूकर बघ."

माझ्याच किश्श्यावरून मला हाकललं. कूकर लावलेलासुद्धा नव्हता.

संध्याकाळी अर्पिताचा फोन आला तेव्हा मी परत गेलेच. खुर्च्या तिथंच होत्या, माणसंही.

"मधली घे," बायनाक्कांनी लेकीला सांगितलं. "टेबलवाली नको."

"आन येतानाची?" दाजींनी हळूच विचारलं.

"जाताना कसे वागता ते बघून सांगते."