पट्ट्यावरचं कुंकू

माझी भक्ती तशी दिखाऊच, हे आधी कबूल करतो. घाटकोपरच्या आमच्या पिठाच्या गिरणीत दर दसऱ्याला मी चक्कीची अशी पूजा करतो की बघणाऱ्याने चपला काढाव्यात. पण दत्तजयंतीच्या सकाळी, भंडाऱ्याचे तीस किलो गहू दारात येऊन पडले असताना त्याच चक्कीचा पट्टा तुटला, आणि माझी श्रद्धाही. देवळातल्या पोळ्यांचं पीठ वडिलांच्या काळापासून आमच्याकडून सेवा म्हणून जातं. यंदा ते विकतचं येणार, या विचाराने तोंड कडू झालं. "महाराज, पोळ्या तुमच्या आणि वाट माझी लावलीत," असं मी दत्ताच्या तसबिरीला सरळ ऐकवलं.

तुटलेल्या पट्ट्याच्या पाठीवर दोरा धरून माप घेतलं, पंचाहत्तर इंच भरलं, म्हणून साकीनाक्याहून पंचाहत्तर नंबरचा पट्टा आणला. बसवला तर पाळण्याच्या दोरीसारखा सैल. मोटर मागे सरकवून पाहिली, तरी तसाच. पुन्हा रिक्षा, पुन्हा तेच दुकान. काउंटरशी एक मावशी उभ्या होत्या. पदर मिरचीने लाल, जवळ गेलं की शिंक. गोवंडीला मसाला कांडते म्हणाल्या आणि माझ्या पिशवीतून डोकावणारा जुना पट्टा मागून घेतला.

"माप कुठून घेतलंस?"

"वरून, दोऱ्याने."

"वाटलंच. आतून घेतात रे. तीन इंच तिथेच वाढले तुझे. आणि नंबर छापलेला असतो की."

"यावर नाहीये, मावशी."

त्यांनी दुकानातलं रॉकेलचं फडकं घेऊन पट्टा घासला. पाच दसऱ्यांचं हळदकुंकू निघालं आणि खाली छापलेलं दिसलं, बी बहात्तर. बी ही पट्ट्याची जात, बहात्तर हे आतले इंच.

"देवाने लिहून ठेवलंय, आणि हा त्यावरच कुंकू फासतोय," त्या दुकानदाराला म्हणाल्या.

नवा पट्टा घेऊन आभार मानायला वळलो, तर मावशी निघूनही गेल्या होत्या. पट्टा असा बसला की जणू चक्कीबरोबरच जन्मला असावा. बाराच्या आत पीठ देवळात पोहोचलं. पंगतीत पोळीचा पहिला घास घेताना डोळे भरून आले. मी महाराजांकडे जे मागत होतो ते माझ्याच पिशवीत होतं, माझ्याच पूजेखाली झाकलेलं. तेव्हापासून मागण्याआधी जरा गप्प बसतो.

गेल्या दसऱ्याला नव्या पट्ट्याला कुंकवाचं बोट लावलं, नंबर सोडून, शेजारी. चक्की सुरू केली आणि त्या दिवशी मावशींजवळ आली होती तशीच सणसणीत शिंक आली. पिठाने आली म्हणा हवं तर. मी मात्र हात जोडले.