तो त्यांच्यातला नव्हता

माझा भाऊ गेल्याचं मला शेजारच्या वहिनींच्या मोबाइलवरून कळलं. गंगापूर रोडच्या आमच्या घरी मी भाजी निवडत बसले होते. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "अहो, हे दादाच ना?" फोटोत हेल्मेट घातलेला दादा आणि खाली ओळ... 'आमच्या सायकल परिवाराचे ज्येष्ठ सदस्य'. पेठ रोडच्या चढावर तो कोसळला तेव्हा नेमकी ती मंडळी मागून येत होती. त्यांनीच त्याला दवाखान्यात नेलं, हे मी नाकारत नाही. पण मला फोन करायच्या आधी त्यांनी फोटो टाकला. महिना उलटला, तरी माझा राग गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

कसला सदस्य? आम्ही दोघं भावंडं बिनलग्नाची, एकाच घरात म्हातारी झालो. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून दादा सायकलवर एकटाच हिंडायचा, कधी सापुतारा, कधी मालेगावच्या पुढे पार धुळ्यापर्यंत. कॅरियरला पिशवी, तिच्यात मी केलेल्या दशम्या. ही मंडळी पैसे घेऊन सहली काढतात. एकसारखे भडक टी-शर्ट, सामानाला मागे टेम्पो, दर थांब्यावर घोषणा आणि सेल्फी. वाटेत गाठ पडली की दादाला आग्रह, "काका, आमच्यात या!" दादा हात जोडायचा आणि त्यांना पुढे जाऊ द्यायचा. घरी आल्यावर एवढंच म्हणायचा, "आज वरात भेटली होती."

एकदा दिंडोरीच्या पुढे तो टपरीवर चहा पीत होता. त्यांच्या म्होरक्याने निघताना माणसं मोजली, त्यात दादालाही मोजलं, आकडा जुळला आणि वरात निघाली. पंक्चर काढत मागे राहिलेली त्यांची एक बाई पोचली, तर टपरीवर फक्त दादा! त्याने तिला नाशिकपर्यंत सोबत केली. वर म्होरक्याचंच ऐकून घेतलं, "काका, तुम्ही आमच्या बाकड्यावर बसायला नको होतं." चोराच्या उलट्या बोंबा! हे मला त्या बाईने घरी येऊन सांगितलं. दादाने नाही.

तोच म्होरक्या मागच्या आठवड्यात दारात उभा. स्मरणार्थ सहल काढायची, दादाच्या सायकलीला हार घालून ती सगळ्यांच्या पुढे न्यायची, टी-शर्टांवर त्याचा फोटो...

"सायकल मिळणार नाही," मी म्हणाले.

"ताई, नुसती गंजून जाईल हो."

"गंजू दे. तो जन्मभर तुम्हाला टाळत आला. आता मेल्यावर तरी त्याला तुमच्या रांगेत उभा करू नका."

तो वळला. चपला घालताना म्हणाला, "घाटात काका गाणं म्हणायचे, ताई. खणखणीत. लांबूनच ऐकू यायचं."

मी दार लावून घेतलं. जेवताना "मीठ दे" यापलीकडे न बोलणारा माझा भाऊ गायचा, आणि ते ऐकलं कोणी, तर ह्यांनी! स्कूटीवर मागून येऊ का, असं मी विचारलं होतं त्याला. "कशाला?" म्हणाला होता. त्या क्षणी मला म्होरक्यापेक्षा दादाचाच जास्त संताप आला.

तरी दार उघडून मी जिन्यातून ओरडले, "कोणतं गाणं?"

"माहीत नाही ताई," खालून उत्तर आलं. "आम्ही दिसलो की थांबायचे."

सायकल पुढच्या खोलीत भिंतीला टेकून आहे. केर काढताना सरकवली की चाक टकटकतं, आणि मी झाडू हातात धरून वेड्यासारखी ऐकत उभी राहते.