लाल गाडी की केनवडची गाडी?

मला गाड्यांमधलं सगळं कळतं. चालवणं तेवढं जरा कच्चं आहे.

आईनं एक दिवस जाहीर केलं, "बाबू, मी आता तुह्या फटफटीवर बसत नाही. खड्डा आला का मी वर जातो अन् गुडघे खालीच राह्यतात!" झालं, घरात चारचाकी घेणं ठरलं. मी वाशीमच्या शोरूममध्ये कर्जावर मिळणारी नवी लाल गाडी पसंत करून आलो. (रंग पसंत केला, गाडी त्या रंगाबरोबर येणारच होती.)

बायको म्हणजे वंदना म्हणाली, "आपलं वह्या-पुस्तकाचं दुकान. शाळा उघडल्या का चालते, मंग वर्षभर माशा! हप्ता दर महिन्याले येईन. शाळा दर महिन्याले उघडते काय?"

हिशेब बरोबर होता, म्हणून मी चिडलो.

तिनं केनवडच्या सलीमभाईंची जुनी गाडी हेरून ठेवली होती. सलीमभाई कापडाचे व्यापारी, माणूस सरळ. "भाऊ, एसी थंड करत नाही, फक्त आवाज करते. मागची काच अर्धीच उतरते. बाकी इंजन एक नंबर!" त्यांनी स्वतःच सांगितलं. मी खट्टू झालो. दोष काढायला तर मी आलो होतो!

"मी स्वतः चालवून पाहीन," मी ऐटीत म्हणालो. वंदना शेजारी, आई आणि सलीमभाई मागे. गाडी कच्च्या रस्त्यावर कशी चालते ते बघावं म्हणून मी ती थेट शेताच्या पांदणीत घातली. कुणाच्या तरी ओलिताचं पाणी फुटून पांदणीत आलं होतं. सलीमभाई "भाऊ, भाऊ!" करेपर्यंत गाडी काळ्या मातीत बसलीसुद्धा!

मी ॲक्सिलेटर दाबला. चाकं आणखी खाली गेली.

"पाहा!" मी विजयी स्वरात म्हणालो. "जुनी गाडी अशीच असते!"

"अवो, नवी काय उडून जाते काय?" वंदना म्हणाली. "तुमी उतरा. लोटा मागून."

ती माझ्या जागेवर सरकली. धनजला माहेरी ती वडिलांचं ट्रॅक्टर चालवायची, हे मला ठाऊक होतं. पण ट्रॅक्टर वेगळं अन् गाडी वेगळी, असं माझं शास्त्र. तिनं आधी सलीमभाईंकडून चाकांखाली कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या टाकून घेतल्या, मग गिअर टाकला. मी बरोबर चाकामागे उभा राहून जोर लावला. (तिथं उभं राहायचं नसतं, हे शास्त्रात नव्हतं.) पुढच्या क्षणी अख्खी पांदण माझ्या अंगावर!

"वंदना, थांबू नको!" आतून आई ओरडली. "बाबू धुतला का निंघते!"

आणि काय सांगू, ती गाडी हळूच डुलली, चाकांनी पऱ्हाट्या पकडल्या आणि वंदनानं ती लोण्यातून केस काढावा तशी बाहेर काढली. ना घाई, ना आरडाओरडा. पुढं दोन शेतांमधल्या अरुंद धुऱ्यावरून तिनं ती अशी वळवली, की चिखलात उभ्या उभ्या माझ्या तोंडून "वा!" निघालं. (तोंड उघडायला नको होतं.)

"भाभी, कमाल करता तुमी!" सलीमभाई म्हणाले. "आता गाडी दुसऱ्याले देत नाही."

"मंग काय ठरलं?" वंदनानं मला विचारलं. अर्धी पांदण अंगावर वाळत असताना माणूस काय बोलणार?

"तू म्हणशील ते," मी म्हणालो, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच ते मनापासून म्हणालो.

इसार दिला. सलीमभाईंनी किल्ली वंदनाच्या हातात ठेवली आणि माझ्यासाठी मागच्या सीटवर पोतं अंथरलं. आई पुढं बसली. घरी, आमच्या मालेगावात शिरलो तर शेजारच्या काकू दारातच.

"काहो आजी, गाडी घेतली वाटते? अन् मांगं काय भरून आणलं?"

आई काच खाली करून म्हणाली, "गाडी इकत घेतली बाई. मांगचं घरचंच हाय, वापस कोनी घेत नाही!"