तिची भाषणं

मी देवरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलं तयार करण्याची मला हौस. माझी मुलगी बारा वर्षांची असताना तिच्या बोलण्याला एकाएकी धार आली. एक विषय दिला की चार भाषणं लिहून आणायची. दोन तासांची झोप तिला पुरायची.

बायको म्हणाली, "अजी, पोरगी आठ दिवसांपासून झोपून नाही राहिली, अन् तुमी टाळ्या वाजवून राहिले?"

मी हसण्यावारी नेलं. मुलगी पहिली आली. पंधरा दिवसांनी तीच भिंतीकडे तोंड करून पडली. जेवेना, वेणी घालू देईना. "मी काऊन जगून राहिली, बाबा?" असं विचारायची. मी आळशी म्हणून तिच्यावर ओरडलो.

असं तीनदा झालं, तेव्हा नागपूर गाठलं. डॉक्टरबाईंनी स्पर्धेच्या आठवड्यातली झोप विचारली. बायकोनं सांगितली. "तो चढही आजारच होता," बाई म्हणाल्या. बायपोलर, म्हणजे मनाच्या टोकाच्या चढ-उतारांचा आजार, लहान मुलांनाही होतो हे मला तिथं कळलं. पडून राहणं आजार, हे पटलं. माझं बक्षीसही आजारातलंच, हे मात्र पटेना.

गोळ्यांनी ती सावरली. पण सावकाश बोलायची, शब्द शोधायची. पुढच्या वर्षी तालुक्याची स्पर्धा जाहीर झाली. रोजची गोळी मीच द्यायचो. बायकोला न सांगता ती बंद केली. दोन-तीन आठवड्यांचाच तर प्रश्न, असं स्वतःला समजावलं.

मंचावर ती थांबेचना. घंटा वाजली, पुन्हा वाजली. ती परीक्षकांना शिव्या देऊ लागली. मुलं आधी हसली, मग गप्प झाली. दोन शिक्षिका धरायला गेल्या, तर एकीच्या हाताला ती कडकडून चावली. मी पहिल्या रांगेत बसूनच राहिलो.

दवाखान्यात अठरा दिवस काढले. तिथं मी बायकोला खरं सांगितलं. गोळ्यांचा डबा तेवढा माझ्या पिशवीतून काढून तिनं आपल्या पिशवीत ठेवला.

मुलीचं आठवीचं वर्ष गेलं. आता रोजची झोप वहीत लिहितो, औषधाचं प्रमाण बघायला ठरल्या वेळी तिचं रक्त तपासून घेतो. बऱ्याच महिन्यांत मोठा चढ नाही. परवा ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "आता बरं वाटते ना?"

ती मान वर न करता म्हणाली, "वाटते. पण तुमाले मी तवाचीच आवडत होती."

"नाही, तसं नाही," मी म्हणालो. तिला ते पटलं नाही.