सान्यालसर हावड्याला कशाला आले होते?

ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नाही. आता ती नाही, आणि माझंही फार उरलेलं नाही — म्हणून तुम्हाला सांगतो.

सुरुवात अगदी क्षुल्लक होती. वडील रेल्वेत, बदल्या होत होत आम्ही हावड्याला येऊन पडलेले. मी पूल ओलांडून कलकत्त्याला कॉलेजात जायचो. अर्थशास्त्राचा एक निबंध लिहायचा होता, हुगळीकाठच्या ताग गिरण्यांवर. तो दिल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नव्हतं. मी रोज टेबलाशी बसायचो. पेनात शाई भरायची, शीर्षक लिहायचं, त्याखाली पट्टीनं रेघ मारायची — आणि उठायचं. पहिलं वाक्य सुचलं की लिहू. ते का सुचत नव्हतं? खरं म्हणजे कुणीतरी मानगूट धरेल, याचीच मी वाट बघत होतो.

मुदत संपली. सान्यालसरांनी विचारलं, तेव्हा तोंडातून निघून गेलं — आई फार आजारी आहे, सर. ते चष्मा काढून म्हणाले, "आधी आईकडे बघ. निबंध कुठे पळून जातोय?" निदान मग तरी लिहावं? नाही. कॉलेजच्या नावानं निघून मी मॅटिनी बघत बसलो.

एका संध्याकाळी परतलो, तर आमच्या नाक्यावर पोलिसांनी रस्ता अडवलेला. बॉम्ब फुटला होता. ते दिवसच तसे होते — भिंतीभिंतीवर घोषणा, आणि कॉलेजातली मुलं संशयावरून उचलली जायची. मी मागच्या गल्लीनं घरी आलो.

टेबलावर संत्री. आई म्हणाली, "अरे, तुझे ते सर येऊन गेले. पत्ता विचारत विचारत आले. मी गच्चीवर गाद्या झोडपत होते. विचारतात, आप कैसी हैं? म्हटलं, मेरेको क्या धाड भरी है! हसले बिचारे. चहासुद्धा घेतला नाही."

मी घाबरलो. आणि काय सांगू — निबंध सुचला. तीच संत्री सोलून खात, एका बैठकीत पुरा केला. त्याहून बरं मी आजवर काही लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात कळलं. तो बॉम्ब फुटला तेव्हा सर नाक्यावर होते. डोळ्यांना इजा झाली होती. राहणार श्यामबाजारला, मग हावड्याच्या त्या गल्लीत कशाला गेले? जो तो हेच विचारत होता. पोलीसही. बॉम्बवाल्या मुलांशी त्यांचं काहीतरी साटंलोटं असणार, अशी कुजबुज सुरू झाली. उत्तर मला ठाऊक होतं. सरांनाही — पण त्यांनी ते दिलं नव्हतं. माझं नाव घेतलं असतं, तर पोलीस माझ्या दारात आले असते. म्हणून का?

मी निबंध घेऊन इस्पितळात गेलो. सरांच्या डोळ्यांवर पट्टी, शेजारी स्टुलावर फौजदार. सरांनी आवाज ओळखला.

"मा केमोन आछेन?"

आई कशी आहे — हे त्यांनी विचारलं. धडधाकट आईला स्वतः पाहून आलेल्या माणसानं! टोमणा नव्हता तो. आवाज मऊ होता. मला वाट करून दिली होती त्यांनी. मी एवढंच म्हणायचं होतं — सर, तुम्ही तिलाच बघायला आला होतात.

फौजदारानं मान वर केली. "घर कुठे तुझं?"

"भवानीपूर, कलकत्ता," मी म्हणालो.

सरांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

खाटेवरून त्यांना थेट कोठडीत नेलं. नोकरी गेली. एक डोळा गेला. पुढचं मी जाणूनच घेतलं नाही. निबंध त्यांच्या जागी आलेल्या सरांना दिला. त्यांनी तो वर्गात वाचून दाखवला.

आई मात्र बरीच वर्षं मधूनच विचारायची — संत्री घेऊन आलेले ते सर पुन्हा कधी आले नाहीत रे?

"बदली झाली त्यांची," मी म्हणायचो. आमच्या घरात या उत्तरावर कुणी पुढे काही विचारत नसे.