नोएलीनचा अर्धा तास

सिडनीच्या ऑफिसातल्या लोकांची मला किळस येते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको. आमचं ब्रोकन हिल गाव त्यांच्याच राज्यात असलं तरी आमचं घड्याळ अ‍ॅडलेडचं, त्यांच्यापेक्षा अर्धा तास मागे. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

नोएलीन ट्रेम्बाथ आमच्या दवाखान्याची वेबसाइट सांभाळते आणि तिच्या शेजारी बसून मी पेशंटच्या वेळा नोंदवते. बाईने अठ्ठावीस वर्षं खाणीच्या कॅन्टीनमध्ये पॅस्ट्या, म्हणजे खिमा-कांदा भरलेल्या मोठ्या करंज्या, भाजल्या आणि साठीला टेकल्यावर एचटीएमएल शिकली. पानावरची एकेक वेळ ती टाइमच्या टॅगमध्ये घालायची. वर नुसतं 'दहा वाजता', आत तारीख, वेळ आणि ती कुठल्या घड्याळाची, सगळं मशीनला कळेल असं. त्यावरून ज्याला त्याला फोनवर आपल्या गावची वेळ दिसायची.

"एवढं टाइप करतेस, बघतंय कोण?" मी म्हणायचे.

"पॅस्टीतला कांदा दिसतो का तुला? काढून बघ, मग बोल."

मार्चमध्ये सिडनीहून उंटावरून शेळ्या हाकायला ब्रेडन नावाचा साहेब नेमला गेला. त्याने पान 'स्वच्छ' केलं, म्हणजे सगळे टॅग उडवले. नोएलीनने तीन ईमेल लिहिले. उत्तरादाखल एक हसरा चेहरा आला. शी!

क्लेम पास्कोची चौतीस वर्षं खाणीत, जमिनीखाली गेली, छातीत नुसती धूळ. सिडनीच्या फुप्फुसांच्या डॉक्टरांची व्हिडिओवरची वेळ त्याला अकरा महिन्यांनी मिळाली होती. पानावर होतं 'मंगळवार, दहा वाजता'. ते दहा सिडनीचे. क्लेम इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या पावणेदहालाच हजर, तेव्हा तिकडे सव्वादहा.

पडदा काळा. डॉक्टर दहा मिनिटं थांबून गेले होते. शेरा होता 'पेशंट गैरहजर'. पुढची तारीख नोव्हेंबरची.

मीही वही त्या पानावरूनच भरली होती. त्या दिवशी मला माझीही किळस आली.

मग 'काय चुकलं ते समजून घेऊ' म्हणून ब्रेडनने व्हिडिओवर मीटिंग ठेवली. पानावर लिहिलं, शुक्रवार, दोन वाजता. नोएलीनने ते वाचलं आणि क्लेमला फोन लावला.

"शुक्रवारी दोनला ये. आपल्या दोनला."

शुक्रवारी आमचे दोन वाजले तेव्हा आम्ही स्क्रीन लावला. ब्रेडन लालबुंद झालेला.

"अर्धा तास! अर्धा तास वाट बघतोय मी! तुम्हाला गैरहजर लिहिलंय!"

"पान तुम्हीच स्वच्छ केलंत ना, साहेब?" असं म्हणून नोएलीनने खुर्ची बाजूला सरकवली.

नाकात ऑक्सिजनची नळी लावलेला क्लेम पुढे झाला. आधी खोकून घेतलं, मग म्हणाला, "पोरा, तू अर्धा तास थांबलास. मी अकरा महिने थांबलो होतो."

 ब्रेडनने माफी मागितली, पण ती कागदावर बघून वाचल्यासारखी.

त्याच संध्याकाळी टॅग परत आले. क्लेमची तारीख मात्र अलीकडे आणता येत नाही म्हणे. नोएलीनने ती टॅगमध्ये घातली, सिडनीचे दहा, आपले साडेनऊ. क्लेमने आपल्या फोनवर उघडून बघितलं.

"वेळ बरोबर आहे गं," तो म्हणाला. "महिना चुकलाय."