आक्काच्या घरचा विस्तव

त्या गंजीची राख आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. लेखनाचा मला सराव नाही. नोकरीत पंचनाम्यांपलीकडे फारसे काही लिहिले नाही, आणि या प्रकरणात तर स्वतःचा पंचनामाही मी नीट वाचला नव्हता.

निजामाचे संस्थान विलीन होऊन काही वर्षे झाली होती. कळंब तालुक्यातील एका ठाण्यावर मी नवा फौजदार होतो. एका सकाळी पोलीस पाटलांची वर्दी आली : गावातील एका शेतकऱ्याची कडब्याची गंजी आदल्या तिन्हीसांजेला जळाली असून संशय त्याच्या चुलत भावावर आहे. दोघांत बांधावरून जुने वैर होते.

गंजी वस्तीतल्याच एका मोकळ्या जागेत रचलेली होती. राखेच्या कडेला अर्धवट जळालेली एक गोवरी सापडली. पंचनाम्यात तिची नोंद केली आणि तिला विसरलो.

पाटलांनी साक्षीदारही दिला. शेजारीच राहणारे एक वृद्ध गृहस्थ. शेताच्या हद्दीचा तंटा झाला की दगड मूळ कुठे होता हे गाव त्यांना विचारी, आणि त्यांचा शब्द शेवटचा मानी. मुलगा सोलापूरला गिरणीत. घरी ते आणि सून.

मी विचारले, "बाबा, त्या चुलत भावाला गंजीपाशी पाहिलंत ना?"

त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिले. दाराआडून सून म्हणाली, "मामंजी, पाहिलं न्हवं का तुम्ही? सांगा की साहेबांना."

"व्हय, व्हय. पाहिलं की."

त्यांना कमी ऐकू येत असावे, अशी मी समजूत करून घेतली. जबाबावर अंगठा घेतला आणि चुलत भावाला अटक करून मॅजिस्ट्रेटकडून कोठडी मिळवली.

चौकशीत तो एकच सांगे, "म्या रानात हुतो, साहेब. माझं वैर त्याच्यासंगं हाय, त्याच्या बैलांसंगं न्हाय. जनावराच्या तोंडची वैरण जाळीन व्हय म्या?" हे उत्तर मला टोचत राहिले. त्याची पेरणी खोळंबली होती, आणि त्याची आई रोज भाकरी बांधून ठाण्यासमोर येऊन बसे.

चौथ्या दिवशी पुरवणी जबाबासाठी मी दिवस मावळताना पुन्हा त्या वृद्धांकडे गेलो. सून पाण्याला गेली होती. त्यांनी मला निरखून पाहिले.

"या अमीनसाहेब, बसा," ते म्हणाले. निजामाच्या अमलात फौजदाराला अमीन म्हणत. "दिवेलागण झाली. आक्काकडं इस्तू तेवढा देऊन येतो."

त्या काळी काडेपेटी जपून वापरत. एका चुलीतला विस्तव गोवरीवर ठेवून दुसऱ्या घरी नेण्याचा रिवाज होता. त्यांनी चुलीतला निखारा गोवरीवर घेतला, वर राख पसरली आणि ते चालू लागले. पाऊल कुठेही अडखळले नाही. मी मागोमाग गेलो. जळालेल्या गंजीच्या जागेवर ते थांबले, वाकले आणि गोवरी खाली ठेवली.

"आक्का, इस्तू आणलाय गं. कवाड का लावलंस?"

तेथे कवाड नव्हते, घरही नव्हते. मला माझ्या पंचनाम्यातली गोवरी आठवली.

तेवढ्यात सून धावत आली. तिने आधी निखारा पायातल्या वहाणेने विझवला, मग माझ्याकडे पाहिले.

"आक्का मामंजींची थोरली बहीण, साहेब. त्या जाऊन लई वर्सं झाली. घर पडलं, मग हितं गंजी घालाया लागले. मामंजींना आता काय बी आठवत न्हाय. गावाला कळलं तर त्येंचा शब्द कोन मानंल? म्हनून म्याच त्येंच्या वतीनं बोलत हुते."

"आणि कोठडीतल्या त्या माणसाचं काय?"

"समदं गावच त्याचं नाव घेत हुतं," ती खाली पाहत म्हणाली.

हेतूच नसल्याने आग अपघाती ठरवून मी अहवाल पाठवला. चुलत भावाला सोडताना माझ्या तोंडून दिलगिरीचे चार शब्द निघाले. तो म्हणाला, "बाबांना इसर पडला, साहेब. तुमाला काय झालं हुतं?"

त्यावर आज इतकेच म्हणू शकतो की, त्या वृद्धांनी खोटी साक्ष दिली नव्हती. जे ऐकण्याच्या तयारीने मी गेलो होतो, ते त्यांनी आल्यागेल्याला पाणी द्यावे तसे मला दिले. पुढे कोणत्याही साक्षीदाराला, विशेषतः वृद्धाला, मी उत्तर घालून प्रश्न विचारला नाही.

काही महिन्यांनी त्या गावी जाणे झाले. चावडीवर हद्दीचा एक वाद चालला होता. त्या वृद्धांना कोणी बोलावले नव्हते. ते घरासमोर बसले होते. दिवेलागणीला सुनेने त्यांच्या हाती एक गोवरी दिली. तिच्यावर नुसती गार राख होती. ते ती जपून घेऊन गेले आणि थोड्या वेळाने तशीच परत घेऊन आले.

"आक्का घरी न्हाय गं," ते म्हणाले.

"येतील, मामंजी," सून म्हणाली. "उद्या जावा."